पटापेक्षा एक जास्त

त्या वर्षी आमच्या शाळेच्या पटावर एकशे त्रेचाळीस मुलं होती आणि भिंतीवरच्या यंत्राने एकशे चव्वेचाळीस मोजली.

पट कमी भरला तर काय करायचं हे मला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी बोटांना शाई लावून मुलं मोजलेली पाहिली होती, आणि शेजारच्या शाळेतून तासाभरापुरती आणून बसवलेली मुलंही पाहिली होती. पण पटापेक्षा एक मूल जास्त सापडलं तर मुख्याध्यापिकेने काय खुलासा लिहायचा, याचं परिपत्रक कुणी काढलेलं नव्हतं. या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. माझं वय सत्त्याहत्तर. सकाळी कोणती गोळी घेतली ते दुपारी आठवत नाही, पण दिवाळीनंतरच्या त्या सत्रातला एकेक दिवस मला जसाच्या तसा आठवतो. ज्या बाईमुळे तो आठवतो तिचं नाव आधीच सांगून टाकते. निलव्वा. आम्ही सगळे तिला निलाक्का म्हणायचो. ती शाळेत खिचडी शिजवायची.

आमचं गाव यंत्रमागांचं, कोल्हापूरहून तासाभराच्या रस्त्यावर. शाळेच्या तिन्ही बाजूंना माग. नव्या बाई रुजू झाल्या की पहिला आठवडा खडखडाटाने त्यांचं डोकं दुखायचं, आणि नंतर मागांच्या सुटीच्या दिवशी शांततेने दुखायचं. मी लागले तेव्हा वर्गात मराठी आणि कानडी, एवढ्या दोनच भाषा ऐकू यायच्या. मग माग चालवायला बिहारातून माणसं आली, नंतर ओडिशातून आली, आणि त्यांच्यामागून त्यांची मुलं आली. माझ्या शेवटच्या वर्षी एकशे त्रेचाळीसपैकी घरी मराठी बोलणारी मुलं फक्त एकतीस होती. कानडी बोलणारी चौतीस, ओडिया एकेचाळीस, बाकीची भोजपुरी नाही तर दखनी.

हे आकडे पाठ असण्याचं कारण म्हणजे तक्ता. दर जुलैत प्रत्येक मुलाचे एकतीस रकाने भरायचे. आईचं शिक्षण किती, बाप काय करतो, घरी कोणती भाषा, आतापर्यंत किती शाळा बदलल्या, घरात अभ्यासाला जागा आहे का. त्यावरून संगणक सांगायचा की अशा घरांतल्या मुलांना साधारण किती यायला हवं. त्याला अपेक्षांक म्हणत. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. पूर्वी आमची तुलना थेट डॉक्टर-वकिलांची मुलं जिथे जातात त्या शाळांशी व्हायची आणि आम्ही दरवर्षी मान खाली घालून यायचो. अपेक्षांक आल्यापासून निदान आमची शर्यत आमच्याशी होती.

आमचा अपेक्षांक होता अडतीस. प्रत्यक्षात आले एकसष्ट.

हे एकसष्ट मोजलं कुणी, तर पालीने. भिंतीवर वर चिकटलेली तळहाताएवढी करडी पेटी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं. तीन वर्गांत तीन पाली आणि चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरायचा म्हणून तिथे एक. लेखी परीक्षा बंद झाल्या होत्या. पाल वर्षभर ऐकायची. कोण काय वाचतं, कुठे अडखळतं, हातच्याचं गणित कसं सांगतं, हे सगळं ती टिपायची. आवाज साठवायची नाही. दोनेक सेकंदांत कोण बोललं याची खूण आणि त्यातला अर्थ आकड्यांत उतरवून आवाज पुसून टाकायची. भाषा कुठलीही असो, तिला फरक पडत नसे.

एकसष्ट आल्यावर आम्ही चार शिक्षकांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. निकाल 'मर्यादेबाहेर' असल्याने पडताळणी होईल, आणि समाधानकारक कारण न मिळाल्यास शाळा बायपासपलीकडच्या समूह शाळेत विलीन करण्यात येईल.

समूह शाळा सहा किलोमीटरवर. इमारत देखणी, बसही होती. पण आमच्याकडे मोठी बहीण दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन यायची, कारण आईबाप दोघंही पाळीवर. भावाला बालवाडीच्या सतरंजीवर ठेवून ती तिसरीत बसायची. बसमध्ये भावाला चढू देणार नव्हते. मी रात्रभर नव्हे, भर दुपारी ऑफिसात बसून यादी केली: त्या बसने जाऊ शकतील अशी मुलं निघाली बावन्न. उरलेली एक्याण्णव घरी बसणार होती, म्हणजे मागावर.

प्रशासनाधिकारी इंगवले साहेब पत्रापाठोपाठ आले. माणूस सरळ होता, पण त्यांच्या हाताखाली दोनशे शाळा होत्या.

"बाई, तेवीस गुणांचा फरक आहे," ते म्हणाले. "दोन-चार असते तर मीच तुमचा सत्कार केला असता. तेवीस म्हटल्यावर लोक विचारतात, पालीसमोर पाठांतर करून घेतलं का?"

"साहेब, पाल दिवसभर ऐकते. दिवसभराचं पाठांतर कोण करून घेईल?"

"तेच बघायचंय. पंधरा दिवस पडताळणी. यंत्राचा माणूस इथेच बसेल."

आणि मग मी ती चूक केली. साहेब येणार म्हटल्यावर आमच्या खात्यातलं कुठलंही माणूस जे करतं तेच मी केलं: शाळा नीटनेटकी केली. फळे काळे करून घेतले, सुविचार बदलले, चपलांची रांग खडूने आखली. आणि मधल्या सुटीतला गोंधळ बंद केला.

त्या गोंधळाची मला फार दिवसांपासून लाज वाटत होती. खिचडीची रांग व्हरांड्यात लागायची आणि पुढेच सरकायची नाही. निलाक्का पळी हातात धरून मुलांशी बोलत बसायची. मुलं हातवारे करायची, भांडायची, मागची मुलं मध्ये तोंड घालायची. पंचेचाळीस मिनिटांची सुटी वाढण्यातच संपायची.

"निलाक्का," मी तिला सांगितलं, "पंधरा दिवस टोपी, हातमोजे, तोंडाला मास्क. आणि मुलांशी एक शब्द बोलायचा नाही. वाढायचं, पुढे सरकवायचं."

"एक शब्द बी न्हाई?"

"साहेब येणार आहेत."

"बरं बाई."

पहिल्या दिवशी दुसरीतली मामिना बेहेरा ताट पुढे करून उभी राहिली. निलाक्काने खिचडी वाढली. मामिना हलेना. ती वाट बघत होती. निलाक्काने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मामिनाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "चल बाळ, पुढे चल." रांग सुरळीत सरकली. वीस मिनिटांत सगळी मुलं जेवली. मला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

पंधरा दिवसांनंतर पालीने आकडा दिला: एकोणपन्नास.

तुम्हीच बघा कसं दिसतं ते. पाळत नसताना एकसष्ट, पाळत ठेवल्यावर एकोणपन्नास. चोर पकडायला याहून वेगळा पुरावा कशाला लागतो? इंगवले साहेबांनी पुढच्या सोमवारी सुनावणी ठेवली.

यंत्राचा माणूस म्हणजे श्रेयस बेडकिहाळे, सांगलीचा पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो माझ्या ऑफिसात आला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे पटाबाहेरचं मूल बसतं का? दाखला नसलेलं वगैरे?"

"नाही."

"यंत्र एकशे चव्वेचाळीस विद्यार्थी दाखवतंय. एक आवाज कुठल्याच नावाशी जुळत नाही."

आमच्या खात्यात 'बोगस पट' या दोन शब्दांनी माणसं नोकरीवरून गेलेली आहेत.

"शिक्षकांपैकी कुणाचा असेल," मी म्हटलं.

"शिक्षकांची नोंद आधीच वेगळी आहे. आणि यंत्र आवाज जाड की बारीक यावरून विद्यार्थी ठरवत नाही. जो चुकतो, विचारतो आणि महिन्याभराने चुकत नाही, तो विद्यार्थी." त्याने टॅब्लेट माझ्यापुढे ठेवला. "हा बघा. तीन वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती. आता चौथीचे अपूर्णांक करतो. सगळ्या शाळेत याच्यासारखी प्रगती कुणाचीच नाही. आणि मॅडम, खरी गंमत पुढे आहे."

ती गंमत त्याने मला दोनदा समजावली. माझ्या पद्धतीने सांगते. करोनाच्या वर्षी आम्हा शिक्षकांना घरोघर सर्वेक्षणाला पाठवलं होतं. तेव्हा ऐकलं होतं की विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याच्यात बारीक फरक पडतो, आणि तो फरक बघून शास्त्रज्ञ सांगतात की लागण कुठून कुठे गेली. श्रेयस म्हणाला, समजुतीचंही तसंच असतं. मी एखादी गोष्ट तुम्हाला समजावली की तुम्ही ती पुढे सांगताना स्वतःचं काहीतरी घालता. एखादं उदाहरण, एखादी चूकसुद्धा. त्या खुणांचा माग काढत मागे गेलं की ती समजूत पहिल्यांदा कुठे उमटली ते कळतं. त्याने आमच्या शाळेचा असा नकाशा काढला होता.

"साधं उदाहरण घ्या. एक चतुर्थांश हे एक द्वितीयांशापेक्षा लहान का? तुमची सत्तरेक मुलं एकच उत्तर देतात. पातेलं तेवढंच, तोंडं जास्त, तर पळी उणी. मराठीत, कानडीत, ओडियात, सगळ्यांत हेच. हे पुस्तकात नाही. तुमचे शिक्षक हे कधी बोललेले नाहीत. मॅडम, रागावू नका, पण जे तेवीस गुण जास्त आले त्यात शिक्षकांचा वाटा फार नाही."

"रागावत नाही. चहा गार होतोय तुझा. पुढे सांग."

"असल्या बहुतेक खुणा या एकशे चव्वेचाळीसाव्याच्या आसपास उमटतात. तो शिकवत नाही. तो फक्त विचारतो. 'का' हा प्रश्न वर्षभरात चार हजारांवर वेळा. का, याके, काहे, काहिंकि. मुलं त्याला समजावताना स्वतः शिकतात. आणि त्याला पटेपर्यंत तो सोडत नाही."

"कुठे? कोणत्या वर्गात?"

"वर्गात नाही. व्हरांड्यात. रोज साडेबारा ते सव्वा. आणि गेल्या पंधरा दिवसांत तो एकदाही बोललेला नाही."

मी उठून बाहेर आले.

निलाक्का स्वयंपाकाच्या शेडमागे बसून राखेने पातेलं घासत होती. मी पायरीवर बसले. मुख्याध्यापिका तिथे बसायची रीत नव्हती. ती लगेच उभी राहिली.

"बस खाली. मुलांना रोज काय विचारत होतीस?"

"काय न्हाई बाई. त्यास्नी काय शिकिवलं ते." मग पुन्हा पातेलं ओढून घेत, "मला येत न्हाई म्हणून."

"सातवी झालीय ना तुझी? दाखला आहे."

तिने पातेलं उपडं घातलं. तिच्या नेमणुकीच्या वेळच्या नियमाप्रमाणे स्वयंपाकीण किमान सातवी पास लागायची, कारण भिंतीवरचा आहाराचा तक्ता, कुठल्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत ते, वजनकाट्यावरचे आकडे, सगळं वाचावं लागायचं.

"दाखला शांतीचा हाय. माझ्या धाकट्या भैनीचा. मी शाळंत गेलेच न्हाई कवा." ती खालीच बघत होती. "पैल्या दिशी तक्त्यावर काय लिवलंय ते कळंना. एका पोरीला म्हटलं, वाच बघू. तिनं वाचलं. मी म्हटलं, ह्ये 'त' कशावरनं? मग ती सांगाय लागली. मग दुसरं आलं, ते म्हटलं ती चुकीचं सांगतीया. भांडणं लागली. मला बरं वाटायचं बाई. माझ्यासाठी कुणी भांडत न्हवतं आदी."

"आणि ओडिया, भोजपुरी?"

"लगीन झाल्यावर मागवाल्या पोरांची खानावळ चालवली की धा वर्सं. जेवणापुरतं येतंय. पोरगं मराठीत अडलं की मी म्हणते, तुज्या भाषंत सांग. त्ये जोरात सांगतंय मग."

मी तिला सगळं सांगितलं. नकाशा, सुनावणी, सहा किलोमीटर. तिने एकच गोष्ट विचारली.

"माझं नाव घेतलं तर शाळा ऱ्हाते?"

"राहील बहुतेक. पण तुझी नोकरी जाईल. खोटा दाखला आहे. त्यामुळे मी नाव घेणार नाही."

"आणि न्हाई घेतलं तर?"

"काहीतरी बघू."

"ह्ये उत्तर न्हवं बाई," ती म्हणाली आणि पातेलं घासायला लागली.

शनिवार-रविवार मी खुलासे लिहून फाडले. श्रेयसला मी नाव सांगितलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. तो फोनवर एवढंच म्हणाला, "मॅडम, नाव नसलेला विद्यार्थी हा पुरावा तुमच्या बाजूचा नाही, विरुद्ध बाजूचा आहे. लोक म्हणतील बाहेरून उत्तरं पुरवणारं कुणीतरी होतं."

सोमवारी सुनावणी चौथीच्या व्हरांड्यात झाली, कारण ऑफिसात चारच खुर्च्या मावत. इंगवले साहेब, श्रेयस, आम्ही शिक्षक, आणि शाळा समितीचे दोघं पालक. साहेबांनी आकडे वाचले. मग माझ्याकडे वळले.

"बाई, हा एकशे चव्वेचाळीसावा कोण?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी हाय, साहेब."

निलाक्का खांबाला टेकून उभी होती. टोपी नाही, हातमोजे नाहीत. पदर नीट घेतलेला.

साहेबांनी कागद चाळले. "तुम्ही स्वयंपाकीण ना? तुमची सातवी झालेली आहे. हा जो कुणी आहे त्याने अक्षरापासून सुरुवात केलीय."

त्या क्षणी तिला गप्प बसता आलं असतं. मी डोळ्यांनी तिला तेच सांगत होते.

"सातवी माज्या भैनीची हाय," ती म्हणाली. "मी इथंच शिकले. ह्या पोरांच्यात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"याचा परिणाम काय होईल माहीत आहे तुम्हाला?"

"व्हय. पन एक इच्यारू? त्ये अडतीस मला कळलं न्हाई. कुठनं आलं?"

साहेब हसले. दोनशे शाळांच्या बैठका घेणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं होतं. त्यांनी सांगितलं: आईचं शिक्षण, घरची भाषा, स्थलांतर, यावरून मूल किती शिकेल याचा अंदाज.

"आई अडाणी आसंल तर पोरगं कमी शिकतंय, आसं?"

"साधारणपणे. लाखो मुलांवरून काढलंय."

"का पन?"

"कारण घरी विचारायला कुणी नसतं. अडलं तर सांगायला कुणी नसतं."

"सांगायला नसतं ते कळलं. पन इच्यारायला अडाणी माणूस चालतंय की. मला काय येत न्हवतं."

साहेबांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, या वेळी सावकाश. आईचं शिक्षण कमी, म्हणून घरात शब्द कमी, म्हणून... निलाक्का प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती आणि जिथे अडायचं तिथे अडत होती. ती वाद घालत नव्हती, हे मला शपथेवर सांगता येईल. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. एवढा मोठा आकडा कसा काढतात याचं तिला कौतुक होतं.

"मंजे साहेब, अंदाजापरीस जास्त आलं तर पोरांनी चोरी केली म्हणायचं, आसं कशावरनं?"

"तसं नाही, तपासायचं असतं की..." साहेबांनी श्रेयसकडे पाहिलं. "या एकतीस रकान्यांत शाळेत काय घडतं याचा रकाना कोणता?"

"शिक्षकसंख्या आहे, सर. खोल्या, शौचालयं. बाकी नाही."

"म्हणजे बाकी काही घडलं तर आपण त्याला गैरप्रकार समजणार." हे साहेब कुणाला म्हणाले ते मला समजलं नाही. त्यांनी पेन उचललं. "आठ दिवस ही रांग पूर्वीसारखी चालू द्या. जशी होती तशी. बाई, नीटनेटकं काही करू नका. मग मोजू."

आठ दिवस पाल ऐकत होती आणि व्हरांड्यात बाजार भरल्यासारखा गलका होता. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायची. पस्तीस वर्षांत मी मुलांना लाखभर प्रश्न विचारले असतील, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर मला नको होतं. मला ते आधीच माहीत होतं. निलाक्का मात्र उत्तरासाठी हपापलेली असायची. मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी कळला होता.

आकडा आला साठ. शाळा राहिली.

त्याच आठवड्यात दुसरा आदेश आला. निलाक्काची नेमणूक रद्द. मी तीन अर्ज केले, समितीने सह्या गोळा केल्या. इंगवले साहेबांनी स्वतः वरपर्यंत लिहिलं, त्यामुळे निदान पोलीस केस झाली नाही. ती एका मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. पुढच्या जुलैच्या तक्त्यात मात्र बत्तिसावा रकाना आला: 'मुलांना मनापासून प्रश्न विचारणारी, उत्तर माहीत नसलेली प्रौढ व्यक्ती शाळेत उपलब्ध: होय/नाही.' जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनी 'होय' लिहिलं. श्रेयस फोनवर हसत सुटला होता. "मॅडम, एका शाळेने तर त्या पदासाठी पदवीधर नेमलाय."

त्याआधी, त्याच जानेवारीत, मी खण-नारळ घेऊन कारखान्यात गेले. तिला बाहेर बोलावलं, कुंकू लावलं, ओटी भरली. आभाराचं जे भाषण मनात जुळवून नेलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"तुझ्यामुळे एक्याण्णव मुलं शाळेत आहेत," एवढंच म्हटलं.

तिने नारळ पदरात घेतला. डोळे पुसले, माझंही तेच चाललं होतं. मग म्हणाली, "आता कोण इच्यारतंय त्यास्नी?"

"आम्ही विचारतो. मी सगळ्या शिक्षकांना सांगितलंय."

"तुमास्नी येतंय की. येणाऱ्यानं इच्यारलं की पोरं परीक्षा दिल्यागत बोलत्यात."

"मग काय करू?"

"तुमास्नी काय येत न्हाई?"

मला पटकन काही सुचेना. हे माझ्या पेशाचं दुखणं. तीच म्हणाली, "ओडिया येतंय?"

"नाही."

"मग बसा की."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी बसते आहे. निवृत्तीनंतर माझी मुलं म्हणाली, आई, आता आराम कर, पण आठवड्यातून तीन दुपारी मी व्हरांड्यात असतेच. ओडिया बरीच आली, म्हणून ती सोडावी लागली. सध्या नेपाळी चालू आहे आणि अजिबात जमत नाही, ते बरंच आहे. निलाक्का मागांच्या सुटीदिवशी येते. तिने बाहेरून बसून सातवी केली, स्वतःच्या नावाची. आता ती मोठ्या मुलांना बीजगणित विचारून हैराण करते. मला आयुष्याने पुष्कळ दिलं: चांगली नोकरी, चांगली माणसं, धड गुडघे. पण साठीला टेकल्यावर न येण्याचा आनंद मला एका खिचडी शिजवणाऱ्या बाईने दिला. त्याची परतफेड होत नाही आणि ती करावीशीही वाटत नाही.

पहिला दिवस मात्र सोपा गेला नव्हता. नव्या स्वयंपाकिणीने खिचडी वाढली, आणि मामिना माझ्यासमोरून ताट घेऊन निघाली. मी तिला थांबवून विचारलं, "मामिना, पाव मोठा की निम्मा? मला सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. "मोठ्या बाई, तुम्हाला येतंय," ती म्हणाली. "तुम्ही खोटं विचारताय." आणि ती पुढे गेली.

मी उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "बरं. मग तुझ्या भाषेत सांग."

तिने घडाघडा ओडियात काहीतरी सांगितलं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. पातेलं कुठलं, पळी कुठली, काही नाही. मी वर्गात कधी केले नसतील असे डोळे करून तिच्याकडे बघत राहिले.

"काहिंकि?" मी विचारलं.

मामिनाने माझा चेहरा नीट तपासून पाहिला. मग तिने ताट खाली ठेवलं, हात फ्रॉकला पुसले, आणि मला पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.